मध्यवर्ती कचेरी आणि दूरची शाखा

नगर जिल्ह्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रांत एवढा मोठा दुसरा जिल्हा नाहीं. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, अंतरें मात्र तींच राहिलीं. मुख्य कचेरी नगरांत आणि शाखा अकोले तालुक्यांत, कळसूबाईच्या पायथ्याशीं, अशी ज्या संस्थेची मांडणी असते, तिचा सारा हिशेब आज दूरसंचाराच्या एका धाग्यावर चालतो. तो तुटला म्हणजे निराधार योजनेचे पैसे घेण्यास डोंगर उतरून आलेल्या आजीबाईंना एकच उत्तर मिळतें: ‘लिंक नाहीं, उद्यां या.’ श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हें उत्तर ऐकलें असेल.

यंत्रें निवडतांना दोन्ही टोकांना एकच माप लावणें, ही मूळ चूक होय. मुख्य कचेरी नद्यांच्या संगमासारखी असते. ५० शाखांनीं सेकंदाला २ मेगाबिट माहिती धाडली, तर तेथें १०० मेगाबिटांचा लोंढा येतो. शिवाय हा मजकूर सांकेतिक लिपींत येतो. तो उलगडण्याचा भार तेथील राउटरवर पडतो. म्हणून विक्रेता सांगतो तो वेग ही उकल चालू असतांनाचा कीं नसतांनाचा, हें आधीं विचारावें. हा राउटर बंद पडल्यास सर्व शाखा एकदम मुक्या होतात. यास्तव तेथें जोडीचा दुसरा हवाच.

शाखेंत थोडा वेग पुरतो. तेथील वैरी निराळे: खंडित वीज, वळवाच्या पावसांतील विजा, तुटलेली केबल. तेथें राउटर लहान असावा, पण वाटा दोन असाव्या. एक केबलची, दुसरी मोबाइलची. मोबाइल पोहोंचत नसेल तेथें उपग्रह घ्यावा. परंतु भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळें उत्तर येण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. खातें पाहण्यास तें चालतें, संभाषणास जाचक होतें. बॅटरी व अर्थिंग खर्चाच्या यादींत शेवटीं नव्हे, प्रथम लिहावीं. सर्व शाखांत राउटर एकाच जातीचा असावा, म्हणजे बिघडलेला काढून शिलकीचा बसविणें कारकुनालाही साधतें.

टपाल खात्यानें २०१७ सालीं आरंभिलेल्या ‘दर्पण’ योजनेंत सुमारें १ लाख २९ हजार ग्रामीण शाखांसाठीं सूर्यप्रकाशावर बॅटरी भरणारीं हातयंत्रें योजिलीं. खेड्याची अडचण पाहून यंत्र ठरविलें, हें अनुकरणीय होय.

खरेदीपूर्वीं निवडलेलें यंत्र सर्वांत दूरच्या शाखेंत, भर पावसाळ्यांत, महिनाभर चालवून पहावें. तेथें तें टिकलें, तर आजीबाईंचा हेलपाटा वांचेल. आणि सारा खर्च त्यासाठींच तर आहे.