गोठवलेलं सरबत

उन्हाळा लागला, की आमच्या डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर भर दुपारी गोळेवाल्याची घंटा ऐकू येते. समुद्र जवळ असूनही हवा अशी काही चिकट होते, की नुसत्या पाण्याने घशाचं समाधान होत नाही. काहीतरी गार, आंबटगोड हवं असतं. मुलांना तर हवंच. आज मी त्याच गार, आंबटगोड पदार्थाबद्दल बोलणार आहे. लिंबू आणि मोसंबीचं सरबत घरच्या घरी कसं गोठवायचं आणि ते मुलांच्या हातात निर्धास्तपणे देता येईल असं कसं करायचं, हा आजचा विषय. कृतीला फार वेळ लागणार नाही. आधी मला बर्फाबद्दल बोलायचं आहे, कारण या पदार्थात धोका असतो तो लिंबात नव्हे, पाण्यात आणि बर्फात.

डहाणू हे मासेमारीचं गाव. होड्या समुद्रात निघतात तेव्हा बर्फ बरोबर असतो, कारण त्याशिवाय मासळी किनाऱ्यापर्यंत टिकायची नाही. थंडावा देण्यासाठी बनवलेला हा बर्फ माणसाच्या पेल्यात जाईल, असं धरून केलेला नसतो. पण लादी ती लादीच. एकदा फोडून किसणीखाली धरली, की ती कुठून आली हे कुणाला ओळखू येणार? म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात नियम आला, की न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग द्यायचा. पांढरा तो खाण्याचा, निळा तो फक्त गार ठेवण्याचा. नियम चांगला आहे. तरीही पांढरी लादी ओल्या गोणपाटात गुंडाळून येते, रस्त्याच्या कडेला टेकवली जाते, ज्या हाताने पैसे घेतले त्याच हाताने किसली जाते. तिथे रंगाचा नियम काय करणार?

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. 'गोठल्यावर जंतूंचं काय होतं?' असं विचारलं, की वर्गातून एकमुखाने उत्तर यायचं, 'मरतात!' मोठ्या माणसांनाही बहुधा असंच वाटतं. खरी गोष्ट अशी, की थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. काविळीचे विषाणू बर्फात आरामात टिकून राहतात आणि बर्फ पोटात वितळला की कामाला लागतात. लिंबू पिळल्याने पाणी शुद्ध होतं, ही दुसरी समजूत. पेलाभर पाण्यातलं अर्धं लिंबू हे चवीपुरतं असतं. एप्रिलमध्ये परीक्षेच्या तोंडावर एखादं बाक रिकामं दिसे. चौकशी केली की कावीळ नाहीतर हगवण निघे. ती गोळ्यामुळेच झाली, असं मी म्हणणार नाही. विहिरीचं पाणी तळाला जाण्याचे दिवसही तेच. पण घरच्या पदार्थात पाणी आपल्या हातात असतं, एवढं मात्र नक्की. तेव्हा पहिली पायरी ही, की पाणी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं आणि मगच सरबताला घ्यायचं.

आता साधारण एक लिटर मिश्रणाचं प्रमाण सांगते. उकळून गार केलेलं पाणी ६०० मिलिलिटर, साखर १२० ग्रॅम, लिंबाचा रस ८० मिलिलिटर आणि मोसंबीचा रस २०० मिलिलिटर. कागदी लिंबं रसाळ असतील तर सहा पुरतात, मोसंब्या तीन. चिमूटभर मीठ. साखर थोड्या पाण्यात गरम करून विरघळवली तरी चालेल, पण तो पाक पूर्ण गार झाल्याशिवाय रस घालायचा नाही. गरम पाकात रस ओतला, की लिंबाचा ताजा वास उडून जातो आणि क जीवनसत्त्वाचंही नुकसान होतं. वास टिकवायचा असेल, तर एका लिंबाची वरची पिवळी साल बारीक किसून घाला. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो.

मोसंबीचं एक गुपित सांगते. रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि तासा-दोन तासांनी त्यात कडवटपणा येतो. आपण मोसंबीला दोष देतो, पण तो तिचा स्वभाव आहे. रसातल्या आंबटपणामुळे तिच्यातलं एक द्रव्य हळूहळू कडू होत जातं. बिया आणि पांढरे पापुद्रे रगडले गेले तर लवकरच. म्हणून मोसंबी हलक्या हाताने पिळायची, रस लगेच गाळायचा आणि सगळ्यात शेवटी मिश्रणात घालून ताबडतोब गोठवायला ठेवायचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूलाही मिळालं, त्यामुळे मला या दोघांची नेहमी एकत्र आठवण होते. पण सरबतात दोघांना एकत्र आणू नये, असं माझं मत आहे. चिकूचा गर घातला तर साखर कमी लागते आणि पोतही मऊ येतो, हे खरं. मात्र चिकूची ती दाट, खमंग गोडी लिंबाला पार झाकून टाकते. चिकूचं आइस्क्रीम वेगळं करा, त्यात दुधाची सोबत असू द्या.

साखरेबद्दल मला नेहमी विचारतात, 'पौष्टिक करायचंय ना, मग साखर काढूनच टाकू या का?' टाकून बघा. फ्रीजरमधून दगड निघेल. साखर इथे फक्त गोडीसाठी नसते. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं आणि एकदम सगळं गोठत नाही. बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक पातळ राहतो, म्हणून चमचा आत जातो. गोडी देणाऱ्या गोळ्या घातल्या तर गोडी येते, पण त्यांचं प्रमाण इतकं नगण्य असतं, की बर्फ कडकच राहतो. गूळ घातला तर चालतो, चवही छान येते, रंग मात्र मातकट. पण गूळ म्हणजे पथ्य, अशी समजूत करून घेऊन दुप्पट घालू नये. शरीराच्या हिशेबात तीही साखरच.

हिशेबच करू. वर सांगितलेल्या प्रमाणात लहान दहा वाट्या होतात. म्हणजे वाटीला १२ ग्रॅम साखर, सपाट तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. तेव्हा ही एक वाटी म्हणजे दिवसाचा अर्धा वाटा झाला, मोसंबीची धरली तर थोडा जास्तच. मुलांनी दुसरी वाटी मागितली तर 'उद्या' म्हणावं. मधुमेहाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

मग यात पौष्टिक ते काय? शुद्ध पाणी, खऱ्या फळाचा रस, बाटलीतल्या रंगाला फाटा आणि मोजलेली साखर. क जीवनसत्त्व आहे, पण डांगोरा पिटण्याइतकं नाही. आवळ्यापुढे आपलं लिंबू फिकंच. तरी त्याचा एक उपयोग आमच्या भागात सांगण्यासारखा आहे. पालघर जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्यात, रक्तक्षय हा शब्द बायकांना नवा नाही. नागली, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह शरीरात सहजासहजी शोषलं जात नाही. त्याच जेवणात आंबट फळ असलं तर ते अधिक शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. म्हणून ही वाटी द्यायचीच असेल तर जेवणाच्या शेवटी, चहाच्या जागी द्यावी. अर्थात डाळीवर लिंबू पिळलं तरी तेच साधतं, तेही साखरेशिवाय.

फ्रीज असलेल्यांसाठी पुढचं काम सोपं आहे. पसरट स्टीलच्या डब्यात बोट-दीड बोट उंचीचं मिश्रण ओतायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. तासाभराने कडेला बर्फ धरू लागतो. तो काट्याने खरवडून मध्ये ओढायचा. मग दर अर्ध्या तासाने हेच. तीन-चार वेळा खरवडलं, की लादीऐवजी हलका, भुसभुशीत बर्फ मिळतो. अरबी शब्दापासून आलेलं आपलं सरबत तुर्कांमार्फत युरोपात गेलं आणि तिथे गोठून 'सॉर्बे' झालं, असं कोशकार सांगतात. मोठ्या हॉटेलात त्याची किंमत वाचून छाती दडपू देऊ नका, हे तेच आहे.

आता लिंबांच्या भावाचं. आमच्याकडे चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते आणि साधारण त्याच सुमाराला लिंबू गरिबाच्या हाताबाहेर जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर किलोला तीनशे रुपयांच्या पुढे गेलं होतं. उन्हाळ्यात लिंबू हवं असेल तर झाडाला आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ताण देऊन हस्त बहार घ्यावा लागतो आणि त्याच वेळी पाऊस रेंगाळला तर ताण बसत नाही. म्हणून उन्हाळ्यात मागणी दांडगी आणि फळ थोडं. पावसाळ्यात मात्र लिंबं स्वस्त असतात आणि कुणी विचारत नाही. तेव्हाच ती घ्या, रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात सरबताला हवे तेवढे काढा. वीज फार वेळ गेली आणि खडे पाघळले, तर ते पुन्हा न गोठवता त्या दिवशीच वापरून टाका.

'पण बाई, फ्रिज आहे कुणाकडे?' तलासरीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत मला हा प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. उत्तर कुल्फीवाल्याच्या माठात आहे. फ्रीज घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं गोड पदार्थ गोठवत आली आहेत. बर्फासाठी तर लोक काय काय करत! १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात पुष्कळ वितळला, तरी शंभरेक टन पोचला. पुढे तिकडचा बर्फ मुंबईतही येऊ लागला. आपल्याला तालुक्याच्या गावाहून लादीचा तुकडा आणायचा आहे, इतकंच.

एक मोठं पातेलं किंवा बादली घ्या. आत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बसवा. डबा निम्माच भरा. बाहेरच्या जागेत ठेचलेला बर्फ आणि खडेमीठ यांचे थर द्या. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मीठ बर्फाला वितळायला लावतं, वितळण्यासाठी उष्णता लागते आणि ती डब्यातल्या सरबताकडून ओढली जाते. मिठाबर्फाचं ते पाणी शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतं. आपलं सरबत शून्याखाली एखाद्या अंशावरच गोठू लागतं. वरून गोणपाट टाका, डबा मधून मधून डावी-उजवीकडे फिरवा आणि दहा मिनिटांनी एकदा उघडून कडेचा बर्फ खरवडा. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

आणि इथे आपला बर्फाचा प्रश्नही सुटतो. हा बर्फ डब्याच्या बाहेर राहतो, पोटात जात नाही. तेव्हा तो निळा असला तरी अडत नाही. आत जातं ते आपण उकळलेलं पाणी. मात्र डबा दर वेळी उघडण्यापूर्वी झाकण आणि कड स्वच्छ फडक्याने कोरडी पुसायची, नाहीतर बाहेरचं पाणी थेंबभर का होईना आत जाईल आणि सगळे कष्ट फुकट जातील. मिठाच्या बर्फात उघडा हात फार वेळ ठेवू नका, भाजल्यासारखी कातडी होते. मुलांना लांब ठेवा.

त्या बैठकीत बायकांनी ते करून पाहिलं, खाल्लं आणि लगेच हिशेब मांडला, की असं बाजारात विकता येईल का? येईल. मात्र अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते आणि पाण्याबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तयार हवं. पानांच्या द्रोणांचा खर्च धरूनही वाटीची किंमत मुलांना परवडेल अशी बसत होती. अडचण होती ती बर्फ आणण्याच्या भाड्याची. त्यावर तोडगा म्हणून दोन गटांनी मिळून एकाच दिवशी, आठवडे बाजाराच्या दिवशी, बर्फ आणायचं ठरलं.

शेवटी उरतं ते बादलीतलं खारं पाणी. ते अंगणातल्या लिंबाच्या मुळाशी ओतू नका, लिंबाला मीठ अजिबात सोसत नाही. दगडधोंड्यांवर, झाडांपासून लांब टाका.