छावणीतला पहिला दिवस

कोल्हापूरजवळचं गांधीनगर तुमच्यापैकी अनेकांना घाऊक कापडबाजारामुळे माहीत असेल. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं वसली. पण त्याआधी, १९४३ पासून, वळिवड्याच्या त्याच माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. छातीनं अशक्त असलेली मुलं पाचगणीला पाठवली जात. हा आसरा आपल्याला अभिमानाचा आहेच. मी मात्र आज त्याच्या आधीच्या मुक्कामाबद्दल बोलणार आहे.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सरकारनं या लोकांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ते इराणच्या पहलवी बंदरावर, म्हणजे आजच्या अंझलीत उतरले, तेव्हा कित्येकांचे नुसते सापळे उरले होते. किनाऱ्यावर त्यांच्यापुढे डबाबंद मांस आणि चरबीदार सूप ठेवलं गेलं. देणाऱ्यांच्या मनात दयाच होती. पण टायफस आणि हगवणीतून तगलेले काही जण त्या जेवणानं गेले.

शिर्डीच्या शेजारी राहणाऱ्या तुम्हा राहाताकरांना अन्नदान कुणी शिकवायला नको. पण महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून अतिकुपोषित, आजारी मुलाला आज आधी ‘एफ-७५’ नावाचं पातळ दूध देतात. दर दोन-तीन तासांनी, मोजून. भूक परतली, सूज उतरू लागली, की मगच ताकदीचा आहार. पोर रडतंय आणि सिस्टर वाटीभरच देतेय, हे आईला पाहवत नाही. तिची समजूत काढणं हाही तिथं उपचारच असतो.

मला सांगायचंय ते एवढंच, की निर्वासितांच्या छावणीत आधी काय आणि नंतर काय, यावर जीव अवलंबून असतात. युद्ध म्हटलं की आपल्याला गोळ्यांच्या जखमा दिसतात. त्यांना सर्जन हवाच. पण गर्दीच्या छावण्यांत जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि हिवतापानं माणसं मोठ्या संख्येनं दगावतात. म्हणून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, विहिरीपासून दूर संडास आणि सहा महिन्यांपुढच्या मुलांना गोवराची लस, ही कामं पहिल्याच दिवसांत सुरू व्हावी लागतात.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी फरशीवर, उलटी-जुलाबात पडले होते आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं पाणी पिंपांत कालवलं, पिंपांना नळ बसवले आणि पेले रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. खर्च लिटरला ११ पैसे. जवळजवळ ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. मला यात सूत्रापेक्षाही मोठी वाटते ती आईच्या, भावाच्या हाती पेला देण्याची हिंमत. घरदार गमावून आलेली ती माणसं त्या क्षणी दवाखान्याची कर्मचारी झाली.

लोणीला वैद्यकीचं आणि नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. कधी अशा कामावर गेलात, तर स्टेथोस्कोप काढण्याआधी तंबू मोजा. पाच वर्षांखालची मुलं मोजा, गरोदर बायका मोजा. पाणी कुठून येतं, ते स्वतः चालत जाऊन बघा. आणि काल किती जण गेले, हे घरोघरी विचारा, कारण दफन-दहन गुपचूप उरकलं जातं, शिधा कमी होईल या धास्तीनं. दहा हजारांमागे दिवसाला एकाहून जास्त मृत्यू, ही आणीबाणीची रेषा मानली जाते. तुमची वही त्या रेषेवर गेली, तर त्याच दिवशी जादा टँकर मागायचा.