संत्र्याच्या खोडातील दोन वाटा

वरूडच्या बागायतदारास पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यात जमिनीत जितके पाणी मुरते त्याहून अधिक उपसले गेले. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. तरीही येथील अनेक संत्राझाडे पाण्यावाचून नव्हे, तर बुंध्याशी साचलेल्या पाण्यामुळे दगावतात. याचे कारण खोडाच्या रचनेत आहे.

खोडात दोन वाटा असतात. पहिली लाकडातून वर जाते. कोवळ्या तंतुमुळ्या पाणी व त्यात विरघळलेले क्षार शोषून घेतात. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ निघून जाते, तसतसा पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. ही ओढ मुख्यतः उन्हाच्या बळावर चालते. क्षारांची गोष्ट मात्र वेगळी. ते आत घेण्यासाठी मुळांना श्वसन करावे लागते, आणि श्वसनाला हवा हवी. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळे गुदमरतात. मग पाण्यात उभे असलेले झाडच तहानलेले दिसू लागते!

दुसरी वाट सालीतून जाते. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतील रसवाहिन्यांतून फळांना मिळते, तशीच खाली मुळांनाही मिळते. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पिघी या शास्त्रज्ञाने खोडावरील सालीचे कडे काढून पाहिले. कड्याच्या वरची बाजू फुगली, कारण खाली जाणारे अन्न तेथेच अडले.

डिंक्या रोग नेमके हेच करतो. ओल्या बुंध्यावर फायटोप्थोरा बुरशी वाढते, साल कुजते, डिंक ओघळतो. लाकडातील वाट उघडी असल्याने पाणी वर चढतच राहते, आणि झाड काही काळ हिरवे दिसते. खाली मुळे मात्र उपाशी असतात. पुढे पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात. ते पाहून बागायतदार झाडाला पाणी कमी पडले असे समजतो व ओलित वाढवतो. रोगाला हवे असते तेच मिळते.

आंबिया बहारासाठी ताण देऊन बाग राखणाऱ्या, पाण्याचा थेंब थेंब मोजणाऱ्या शेतकऱ्याकडून ही चूक घडावी, हे विशेष खेदाचे आहे.

यासाठीच दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली जाते. आतले आळे बुंध्याला कोरडे ठेवते. पाणी बाहेरच्या आळ्यात, झाडाच्या घेराखाली जेथे तंतुमुळ्या असतात तेथे द्यावयाचे. कलमाचा डोळा मातीखाली दबलेला असल्यास माती दूर करून साल तपासावी. कुजलेला भाग खरवडून त्यावर बोर्डो मलम लावावे. निरोगी बुंध्यांनाही पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर हे मलम लावतात. त्याचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी असे आहे.