तेल बदलले, मग उचल का गेली?

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा 'हे गृहस्थ ट्रॅक्टरविषयी काय सांगणार?' असे आपणांस वाटले, तर त्यात वावगे काही नाही. पण गोष्ट घरात घडलेली आहे, म्हणून सांगतो.

कळंब तालुक्यातली आमची शेती थोरले बंधू पाहतात. गेल्या साली हस्ताचा पाऊस झाला, काळ्या रानाला वापसा आला. पेरणीआधी दादांनी ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगचे तेल आणि फिल्टर बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी पेरणीयंत्र जोडले, तर लिफ्ट उचलेना. यंत्र जरा वर येई, थरथरे आणि पुन्हा खाली बसे. पंप कण्हल्यासारखा वाजत होता. मिस्त्री म्हणाला, "सर, पंप गेला. नवा आणावा लागंल."

पंप यायला दोन दिवस, खर्च वेगळाच. आणि वापसा काही कुणासाठी थांबत नाही. आपल्या जिरायती मुलखात शाळू जमिनीतल्या ओलीवर येतो. ओल उडाली की हंगाम गेला.

मी विचारले, "दादा, काल सकाळपर्यंत पंप चांगला होता ना? मग मध्ये काय बदललं?"

"तेल अन् फिल्टर."

"मग आधी तेच बघू की!"

आता, कावळा बसायला आणि फांदी मोडायला कधी कधी एकच गाठ पडते. एकामागून दुसरे घडले, म्हणजे पहिल्यामुळेच दुसरे घडले असे सिद्ध होत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण शोध कुठून सुरू करावा, हे मात्र त्यावरून कळते. जिथे शेवटचा हात लागला, तिथून. जे फुकट तपासता येते ते आधी. जे विकत आणावे लागते ते शेवटी.

पहिली तपासणी तेलाच्या काडीची. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, औजार जमिनीला टेकवावे, इंजिन बंद करावे आणि मग काडी पाहावी. नवे तेल फिल्टरात आणि नळ्यांत शिरले की पातळी उतरते. म्हणून थोडे चालवून पुन्हा पाहावी. आमची पातळी बरोबर होती, पण काडीवर फेस होता. फेस म्हणजे तेलात हवा. तेल दुधाळ होऊन तसेच राहिले, तर पाण्याचा संशय घ्यावा.

हवेने एवढे काय बिघडते? शिक्षक बंधूंनी हा प्रयोग वर्गात करावा. सुया काढलेल्या दोन सिरिंज पातळ नळीने जोडा आणि आत पाणी भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा सरकतो. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला दाबाचा नियम तो हाच. आता आत हवेचा मोठा बुडबुडा सोडा. दट्ट्या दाबला तरी हवाच आकसते, पलीकडचा दट्ट्या रेंगाळतो. आमच्या लिफ्टचे तेच झाले होते.

मग हवा शिरली कुठून? फिल्टर उतरवला, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग बैठकीला तशीच चिकटलेली, आणि तिच्यावर नवी रिंग बसवलेली! ही बाजू पंपाच्या ओढीची. त्यामुळे बाहेर थेंबही दिसला नाही, उलट फटीतून हवाच आत ओढली जात होती. जुनी रिंग काढली, बैठक पुसली, नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून फिल्टर बसवला, पातळी भरली आणि लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली केली. दुपारी पेरणी सुरू झाली. जुना पंप आजही चालतो आहे.

रिंग बरोबर असेल, तर तेलाची जात पाहावी. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात. तिथे 'कुठलंही जाड तेल चालतंय' असे म्हणून भागत नाही. आणि उचललेल्या औजाराखाली कधीही हात घालू नये.

उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आता आपोआप गिअर बदलणारे ट्रकही दिसू लागले आहेत. तेल-फिल्टर बदलल्यावर अशा गाडीचा गिअर उशिरा बसू लागला किंवा घसरू लागला, तरी क्रम हाच: पातळी, रिंग, तेलाची जात. फरक एवढाच, की त्यांतल्या काही गाड्यांची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहतात. म्हणून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक माळ्यावर टाकू नका.

श्रोतेहो, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपल्याकडे म्हणतात. आमचा मिस्त्री अप्रामाणिक नव्हता, घाईत होता. नवा भाग आणण्याआधी एकच प्रश्न विचारा: शेवटी काय बदलले?