पाण्यातली काठी



या भाषणाचे पत्र आले तेव्हा आमच्या एकोडी गावात धानाच्या रोवण्या चालू होत्या. विषय दिला होता, सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या देशांमधील नागरी समाज. पत्र वाचून मी थोडा वेळ बांधीच्या धुऱ्यावरच बसून राहिलो. शेजारच्या बांधीत भाऊजी होते. त्यांनी विचारले, "नागरी समाज म्हंजे का होय गा?" मी म्हटले, "सरकार नाही, दुकान नाही, आपले घरही नाही. या तिघांच्या मधे लोक एकत्र येऊन जे चालवतात ते." भाऊजी म्हणाले, "म्हंजे तलावाची मीटिंग." आणि पऱ्ह्याची पेंढी सोडायला लागले.

पुस्तकांतून मी बऱ्याच व्याख्या वाचल्या आहेत. भाऊजींच्या व्याख्येवर अजून मला तोड सापडलेली नाही. तेव्हा आज त्याच मीटिंगविषयी बोलतो. फक्त एक फेरी किर्गिझस्तानातून मारून येऊ.

किर्गिझस्तान हा मध्य आशियातला डोंगराळ देश. लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या विदर्भाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तियानशान पर्वतावरचे बर्फ वितळते आणि ते पाणी नहरांनी शेतात येते. सोव्हिएत काळात शेती सामूहिक होती, तिला कोलखोज म्हणत. नहराचे दार उघडायला कोलखोजचा नोकर, दुरुस्तीला कोलखोजचे यंत्र. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. पुढच्या काही वर्षांत कोलखोज विस्कटले आणि जमिनीचे तुकडे घराघरांना वाटले गेले. जमिनीला मालक मिळाला. शेतांमधून जाणाऱ्या चाऱ्यांना मात्र कुणीच मिळाला नाही. कित्येक ठिकाणी दारांचे लोखंड भंगारात गेले. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाणी अडवायचे आणि शेवटच्याने कोरड्या चारीकडे पाहत राहायचे.

हे वाचताना मला हसू आले. कारण ही गोष्ट आमच्या भंडारा जिल्ह्याने चाळीस वर्षे आधी भोगलेली आहे.

आपल्याकडचे तलाव किती जुने ते आपल्याला माहीत आहे. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मालगुजारांना, म्हणजे सारा गोळा करणाऱ्यांना, गावांचे मालकी हक्क दिले आणि तलावही त्यांच्याकडे गेले. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. पुढे मध्य प्रदेशात असताना १९५० चा कायदा आला, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्रात आल्यावर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले.

मालगुजार गेला, त्याचे कुणी फार दुःख केले नाही आणि करूही नये. त्याच्या काळात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायला जे हात लागायचे त्यातले बरेच वेठीचे होते. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पाळीला भोक पडले तर रात्रीच धावायचे, ही गावाची सवय गेली. तलाव सरकारचा, तेव्हा माती सरकारने टाकावी. सरकारचा माणूस तालुक्याला, आणि पाऊस तर गावात.

ज्यांनी तुडूम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुडूम म्हणजे जुन्या तलावाचे पाणी सोडायचे दार. दगडी बांधणी, तिला एकाखाली एक भोके, प्रत्येक भोकात लाकडी बूच. पाणी उतरत जाईल तसे वरून खाली एकेक बूच काढायचे. हे काम पाणकराचे. माझ्या लहानपणचा पाणकर दोरी कमरेला बांधून उतरायचा, बुडी मारायचा आणि बूच काढले की वर येऊन आधी शिंकायचा. मग नहराने कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाईल ते तो ठरवायचा. भारी धानाला कोजागिरीच्या आसपास एक पाणी चुकले की धान निसवतो पण भरत नाही, म्हणून त्या आठवड्यात पाणकराचा शब्द पाटलाच्या शब्दाहून जड असायचा. चुरणे झाले की त्याचे धान घरोघरून निघायचे. पावती नाही, ठराव नाही.

किर्गिझ, उझबेक, ताजिक गावांतही असाच माणूस असतो. त्याला मीराब म्हणतात. तोही पाण्याच्या पाळ्या लावतो आणि त्यालाही जुन्या काळी धान्यच मिळायचे. नहर उपसायला सगळ्या गावाने जमायचे, त्याला तिकडे अशार किंवा हशार म्हणतात. सोव्हिएत सत्तेने हे शब्द मारले नाहीत, वापरून घेतले. १९३९ मध्ये शेजारच्या उझबेकिस्तानात फरगाण्याचा मोठा कालवा खोदला. दीड लाखाहून अधिक माणसे आणि सुमारे ४५ दिवस. त्यालाही लोकांचा हशारच म्हटले गेले. हुकमाने जमवलेल्या गर्दीला लोकसहभाग म्हणण्याची खोड त्या एकाच देशाला होती असे समजू नका. आपल्याकडेही श्रमदानाचे फोटो निघाले की घमेली खाली ठेवणारे पुष्कळ.

तर, किर्गिझस्तानने २००२ मध्ये पाणी वापर संस्थांचा कायदा केला. शेतकऱ्यांनी संस्था करावी, पदाधिकारी निवडावेत, पाणीपट्टी गोळा करावी, चाऱ्या सांभाळाव्यात. जागतिक बँकेचा पैसा आला आणि बघता बघता चारशेहून अधिक संस्था झाल्या. काही खरोखर उभ्या राहिल्या. काही शिक्क्यापुरत्याच राहिल्या. आपल्याकडे असाच कायदा २००५ चा आहे. शिक्क्यापुरत्या संस्थांबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण अशाच एका संस्थेचा मी चार वर्षे सचिव होतो. शिक्का अजून आमच्या घरी बिस्किटाच्या डब्यात आहे. त्यातली शाई वाळली.

बाहेरचे जग किर्गिझस्तानचा नागरी समाज मोजते तो राजधानी बिश्केकच्या चौकात. त्यालाही कारण आहे. २००५, २०१० आणि २०२० अशा तीन वेळा तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हायला लावले. आजूबाजूच्या देशांत एकेक माणूस पंचवीस-पंचवीस वर्षे खुर्चीला चिकटलेला असताना हे साधे नाही. हजारो संस्था नोंदल्या गेल्या, वर्तमानपत्रे निघाली, बायांनी संघटना केल्या. पण या संस्थांचा पैसा बहुतेक परदेशातून यायचा. एप्रिल २०२४ मध्ये तिथे कायदा झाला. परदेशी पैसा घेऊन राजकीय म्हणता येईल असे काम करणाऱ्या संस्थेने 'परदेशी प्रतिनिधी' म्हणून नोंद करायची. रशियाने असा कायदा २०१२ मध्येच केला होता. कुलूप लावायला यापेक्षा सोपी किल्ली नाही. राजधानीतल्या अशा किती संस्था मागे गावात काही ठेवून गेल्या असतील, हा मला पडणारा प्रश्न आहे. मीराब मात्र कुणाचा प्रतिनिधी आहे हे सांगायला कागद लागत नाही, हे मला बरे वाटते.

आता मीटिंगकडे येतो. आमच्या भागातल्या तलावावर दोघांचा जीव असतो. धान करणाऱ्यांचा आणि मासे धरणाऱ्या धिवरांचा. धिवरांची मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते. शेतकऱ्याला पाणी सोडायचे असते, धिवराला राखायचे असते. उन्हाळी धानाचा मोह वाढला तशी भांडणे वाढली. जुन्या गावपंचायतीत धिवर पाळीखाली उभा राहायचा, वर बसायचा नाही. म्हणून 'पूर्वी गाव कसे एक होते' असे कुणी म्हटले की मी विचारतो, बसायला कोण होते?

याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी, धिवरांकडूनच तलाव शिकून घेतला. कुठला देशी मासा कुठल्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कुठली वनस्पती बदकांना लागते, हे धिवर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मग बेशरमाची झुडपे उपटली, तळ नांगरला, देशी वनस्पती लावल्या. धिवर बायाही या कामात उतरल्या. मला यात माशांइतकीच दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ज्याला कुणी विचारत नव्हते त्याचे ज्ञान वहीत आले आणि तो बोलायला पुढे बसला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका तलावावर मी अशीच मीटिंग पाहिली. वरच्या अंगाचे शेतकरी तावातावाने बोलत होते, मोटारी लावण्याची भाषा चालली होती. धिवरांच्या बाजूने एक म्हातारी बाई उठली. काही न बोलता लुगडे खोचून पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत गेली आणि हातातली बांबूची काठी रोवली. काठीला तिने लाल चिंधी बांधली होती. "इथंवर घ्या. याच्या खाली मासोळीले जागा राहात नाही." कुणीतरी म्हणाले, चार बोटे खाली घ्या. ती म्हणाली, दोन. बराच वेळ दोन आणि चार यांवर गेला. तीनवर मिटले. लिहून कुणी घेतले नाही. मी वही नेली होती, पण पेन चालत नव्हता.

मीटिंग संपल्यावर भाऊजींनी मला विचारले, "तुझ्या त्या देशात असीच बाई असल का गा?" मी म्हटले, असेलच, फक्त तिच्या पाण्यात बर्फ असेल.

परवा त्या तलावाकडून येताना पाळीवर थांबलो. पाऊस चांगला झाला आहे, तलाव भरला आहे. काठी पाण्याखाली गेली आहे, चिंधीही दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी उतरेल तेव्हा ती दिसायला लागेल. तोवर नवा पाणकर कोण, हे ठरायचे आहे. दोन नावे आहेत, आणि त्यांतले एक त्या बाईच्या नातवाचे आहे.