घेण्यातील नम्रता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. व्याख्यान देणे मला जमत नाही. 'तुमच्या धर्मातील नम्रतेविषयी चार शब्द सांगा,' असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे. मी उपदेश करणार नाही. माझीच एक चूक सांगणार आहे.

आम्ही ख्रिस्ती. नाताळात आळीतील प्रत्येक घरी मी फराळाचे ताट पाठविते. आपण जातधर्म पाहत नाही, याचा मला मनातून फार अभिमान होता. गेल्या वर्षी समोरच्या खोलीत एक मुसलमान कुटुंब राहावयास आले. रमजान ईदला त्यांची मुलगी शीरखुर्म्याची वाटी घेऊन आली. मी हसून वाटी घेतली आणि आत नेऊन तशीच मोरीजवळ ठेवून दिली. कोणाच्या हातचे, कसे केलेले, कोण जाणे, असे मनात आले. सायंकाळी मुलगी वाटी न्यावयास आली, ती थेट स्वयंपाकघरात. भरल्या वाटीला मुंग्या लागल्या होत्या. ती काही बोलली नाही. तिने वाटी मोरीत रिकामी केली, विसळली आणि घेऊन गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय राहून राहून आठवू लागला. वाटचालीने थकलेले प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसले आहेत. एक शोमरोनी बाई पाणी भरावयास येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. प्रभू तिला उपदेश करतात, पण त्याआधी तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतात. तीही चकित होते. हा अध्याय मी लहानपणापासून कितीदा वाचला असेन! मला देणारा प्रभू दिसला होता. मागणारा कधी दिसलाच नव्हता.

लक्ष्मीबाई टिळकांची हकिकत पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ येऊन राहिल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नव्हते. मग हे भेद देवाने नव्हे, माणसाने केले आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे सोवळे सोडावे लागले. मला सोडावयाचा होता तो फक्त अहंकार, आणि तोच सुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या दारात गेले. क्षमा मागण्याचे शब्द पाठ करून गेले होते, ते आठवेनात. "भाभी, प्यायला पाणी देता का?" एवढेच म्हणाले. त्यांनी पाणी आणले, पण भांडे हातात धरून क्षणभर थांबल्या.

"ताई, घ्याल ना?"

मी पाणी प्याले. मग चूक कबूल केली. मुलगी आत होती. ती बाहेर आली नाही. पुन्हा माझ्या घरी येण्यास तिला दोन महिने लागले.

भगिनींनो, देताना आपला हात वर असतो. घेताना तो खाली धरावा लागतो. नम्रतेची परीक्षा तेथे होते. आपल्या मंडळात सर्व जातिधर्मांच्या बायका याव्यात, असे आपण म्हणतो. त्यांना अवश्य बोलवावे. परंतु आपणही त्यांच्या घरी जावे आणि त्या देतील ते पाणी प्यावे. एवढे बोलून मी माझे चार शब्द पुरे करते.