टाचणीखालची चिठ्ठी



स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं पुण्यातल्या या विद्यार्थी परिषदेत मनापासून स्वागत करतो. कीटक आणि परिसंस्था या विषयांत एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्यांनीच इथं निबंध वाचायचे, पोस्टर लावायचे आणि प्रश्नही त्यांनीच विचारायचे, असं आम्ही ठरवलं आहे. आम्ही शिक्षक मंडळींनी दोन दिवस ऐकायचं. चाळीस वर्षं वर्गात बोलत आलेल्या माणसाला ही संधी क्वचितच मिळते, म्हणून मला या परिषदेचं विशेष अप्रूप आहे.

पाहुण्यांना आपलं गाव दाखवावं ही रीत आहे. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ सालचं. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ही नावं आपल्याला पाठ आहेत. एक गोष्ट मात्र पुण्यातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांनाही माहीत नसते, ती आवर्जून सांगतो. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. तिथं डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस जातीच्या डासांच्या, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या आणि त्यांच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. पिढ्यानुपिढ्या वाढत राहणारी ती सेल लाइन १९६७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७८ मध्ये इगाराशी या जपानी शास्त्रज्ञांनी तिच्यातून एक क्लोन निवडला, सी६/३६. आज जगात जिथं जिथं डेंगीचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवतात, तिथं बहुधा याच पेशी वापरलेल्या असतात. त्यांचं मूळ या शहरात आहे.

त्या पेशी कुठल्या डासाच्या, कुणी, कधी, कशा वाढवल्या याची नोंद राहिली, म्हणून त्या जगाच्या कामी आल्या. मला आज या नोंदीविषयीच बोलायचं आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी कीटक टाचणीवर लावले आहेत. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून जाते, म्हणजे पाठीची मधली रेघ आणि डावी बाजू ओळख पटवायला शाबूत राहते. टाचणी पेलणार नाही इतकी बारीक गांधीलमाशी असेल, तर तिला कार्डाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाच्या थेंबानं चिकटवायचं. मग खाली त्याच टाचणीत एक चिठ्ठी ओवायची. जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची असते ती. गाव, तालुका, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. त्याखाली दुसऱ्या चिठ्ठीवर, कुठल्या झाडावर सापडला ते. विद्यार्थी कीटक नीट लावण्यात तासन् तास घालवतात आणि चिठ्ठी घाईत लिहितात. माझ्या मते उलट व्हायला हवं. पाय मोडलेला भुंगेरा कामाचा असतो. चिठ्ठी नसलेला सुंदर भुंगेरा शोभेपुरता उरतो.

कर्नल चार्ल्स स्विन्हो हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. लष्करी नोकरीत असताना त्यांनी पुण्यात पतंग आणि फुलपाखरं गोळा केली आणि १८८५ साली मुंबई व दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचा निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध केला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात दिव्यावर कोणते पतंग यायचे हे आज शोधायचं, तर आपल्याला अशाच नोंदींकडे जावं लागतं. याची मला खंत वाटते, आणि उमेदही वाटते. खंत अशासाठी, की या शहरात एवढी महाविद्यालयं असताना त्यानंतरची सलग नोंद आपल्याकडे नाही. उमेद अशासाठी, की एका माणसाच्या फावल्या वेळातल्या कामालाही एवढं आयुष्य लाभतं.

तरुणांचंही उदाहरण आपल्या घरातच आहे. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात असताना वाचलं असेल. त्याचे लेखक कृष्णमेघ कुंटे पुण्याचे. उत्तर सह्याद्रीतल्या चार प्रकारच्या अधिवासांत ऋतूनुसार फुलपाखरांची संख्या आणि विविधता कशी बदलते, यावरचा त्यांचा निबंध १९९७ साली आला. ते तेव्हा अगदी तरुण होते. त्या मोजण्या छापून राहिल्या, म्हणून आज कुणी तशाच अधिवासांत जाऊन पुन्हा मोजलं, तर या काळात काय बदललं हे सांगता येईल. हे काम आपल्यापैकी एखाद्यानं जरूर हाती घ्यावं.

आता शेताकडे येतो. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण पाळण्यात असतील किंवा जन्मालाही आले नसतील. पानाच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून लावल्यासारखा पांढरा थर, त्यातून गळणारा चिकटा, खालच्या पानांवर त्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी. ऊस डोक्याच्या वर गेलेला. फडात माणूस शिरेना, तर पंप घेऊन फवारणी कशी करणार? फवारलं तरी पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचत नव्हतं. शेतकरी हवालदिल झाले होते. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच होता: या माव्याला खातं कोण? ईशान्य भारतात हा मावा आधीपासून होता आणि त्याच्या शत्रूंच्या नोंदी होत्या. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थरात जाळी विणून त्यातच राहते आणि मावा फस्त करते. मायक्रोमस हा दुसरा मित्रकीटक. पुढे एन्कार्सिया ही बारीक परोपजीवी माशी आसामातून इकडे आणली गेली. शेडनेटमध्ये ऊस लावून, त्यावर मावा वाढवून, त्यावर हे मित्रकीटक पोसले. हेक्टरी डिफाच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. अळ्या असलेली पानं कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. काही वर्षांत मावा आटोक्यात आला.

त्या काळात कुठल्या फडात डिफा आधी दिसला, पाऊस झाल्यावर किती टिकला, कोणत्या फवारणीनं मित्रकीटकच मेले, हे आठवड्याला पानं मोजून लिहिणारे हात बहुतेक एम.एस्सी.च्या मुलामुलींचे होते. आजही विदर्भात कपाशीच्या शेतात हेच चालतं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करायची वेळ झाली, हे शेतकऱ्याला सांगायचं तर रोज सकाळी सापळा उघडून पतंग मोजणारं कुणी लागतं. डोमकळ्या तोडून आत अळी आहे का बघणारं कुणी लागतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते वर्ष आपण कीटकशास्त्राच्या माणसांनी विसरता कामा नये. किडीची खबर वेळेवर आणि खरी मिळाली, तर पंप पाठीवर घ्यायची वेळ कमी येते.

आणि या नोंदींचं पुढे काय होतं? प्रबंध बांधून होतो, तोंडी परीक्षा होते, पदवी मिळते. पोस्टकार्डाएवढ्या कप्प्यांच्या पेट्या कपाटावर जातात. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते, डांबरगोळ्या उडून जातात, आणि संग्रहातले वाळके कीटक पोखरणारा एक बारीक भुंगेरा आत शिरला की दोन वर्षांत टाचणीवर भुसा उरतो. नोंदवह्या वसतिगृह सोडताना रद्दीत जातात. मी हे अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी मनाला लागलं आहे.

आपल्या विषयात तर हे फार महाग पडतं, कारण कीटकांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकात बसत नाही. काजव्यांचा हंगाम मे अखेर ते जून, फार तर काही आठवडे. एम.एस्सी.ला तो एकदा, नशीब असेल तर दोनदा मिळतो. कारवी तर सात-आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुललेली कारवी पुन्हा २०२४ ला फुलली. त्या फुलोऱ्यावर आग्या आणि सातेरी मधमाश्या किती आल्या हे ताडून पाहायचं, तर आधीच्या फुलोऱ्यात मोजणाऱ्याची वही नंतर मोजणाऱ्याच्या हाती यायला हवी. मधल्या काळात पहिला विद्यार्थी नोकरी-संसाराला लागलेला असतो.

म्हणून स्वागत समितीची आपल्याला एक विनंती आहे. पोस्टरच्या दालनाबाहेर एक टेबल ठेवलं आहे. आपल्याकडे कुठल्या गावचे, कुठल्या वर्षांचे नमुने आणि मोजण्या आहेत, याची यादी तिथं द्यावी. ज्यांना काहीच ‘निष्पन्न’ झालं नाही असं वाटतं, त्यांनी तर नक्कीच द्यावी. कीड आली नाही ही सुद्धा नोंद आहे. नवी प्रजाती वर्णन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवणं बंधनकारक आहे. यजमान वनस्पतीचं नाव अंदाजानं लिहू नका. आघारकर संस्थेत आणि वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत, फांदी घेऊन तिथं जा. आणि ज्या शेतात वर्षभर सापळे लावलेत, त्या शेतकऱ्याला मराठीत लिहिलेलं एक पान नेऊन द्या. त्यानं आपल्याला बांधावर चहा पाजलेला असतो.

मार्गदर्शकांनाही एक सांगायचं आहे. दिव्याच्या सापळ्यावर रात्र काढणाऱ्या विद्यार्थिनींसाठी सोबत, वाहन आणि वनखात्याची परवानगी ही विभागाची जबाबदारी आहे. त्यांची काळजी त्यांच्या घरच्यांवर सोडू नये.

उद्या सकाळी सहाला वेताळ टेकडीवर फेरी आहे. जाळी आणू नका, वही आणा. आज दुपारी जेवण याच इमारतीच्या मागच्या अंगणात आहे. आता अध्यक्षांना मी विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं. पहिला निबंध परभणीच्या विद्यार्थ्यांचा आहे.